सगळ्यांना एकच इंजिन! शर्यतीतला पैसा आवरायची ही युक्ती चालते का?

पुण्यातल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये वर्षातले काही महिने रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. पाइप कापण्याचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, कोपऱ्यात चहाचे कागदी कप आणि मधोमध लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा. त्याला अजून चाकं नसतात, पण पोरांनी नाव ठेवून झालेलं असतं. ही तयारी असते 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेची. स्वतः डिझाइन केलेली, स्वतः बांधलेली एका सीटची गाडी घेऊन मध्य प्रदेशातल्या पिथमपूरसारख्या ठिकाणी जायचं आणि खड्डे, चढ, चिखल यातून ती सलग चार तास पळवून दाखवायची.

या गाडीतलं जवळपास सगळं विद्यार्थ्यांच्या डोक्यातून येतं. सस्पेन्शन त्यांचं, स्टिअरिंग त्यांचं, गिअरबॉक्सचं गणित त्यांचं. एकाच वस्तूला हात लावायची परवानगी नसते, ती म्हणजे इंजिन.

पेट्रोल गाड्यांच्या गटात वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच इंजिन होतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं ३०५ सीसी, १० हॉर्सपॉवरचं. गवत कापायच्या मशिनवर आणि छोट्या जनरेटरवर बसतं त्या जातीचं. ते उघडायचं नाही, घासायचं नाही, पिस्टन बदलायचा नाही. इंजिन ठरावीक वेगापलीकडे फिरू नये म्हणून त्यावर जो गव्हर्नर असतो, तोही तपासला जातो. म्हणजे श्रीमंत कॉलेज असो की गावाकडचं, बापाची कंपनी असो की बापाचा किराणा, गाडीत ताकद तेवढीच.

आता मजा अशी की नेमकी हीच युक्ती जगातल्या मोठमोठ्या व्यावसायिक शर्यतींनी वापरून बघितली आहे. कुठे ती मस्त चालली, तर कुठे तिच्यावरून भांडणं झाली. आणि पुण्यात तर एका कार कंपनीने या कल्पनेवर अख्खी शर्यत उभी केली होती.

इंजिनच एवढे पैसे का खातं?

शर्यतीच्या गाडीत खर्चाच्या जागा खूप असतात. टायर आहेत, ब्रेक आहेत, बॉडीचा आकार आहे. मग सगळे इंजिनाच्याच मागे का लागतात?

कारण साधं आहे. इंजिनाची ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. जास्त ताकद हवी तर एक तर प्रत्येक स्फोटातून जास्त जोर काढा, नाही तर इंजिन जास्त जोरात फिरवा. दुसरा रस्ता शर्यतवाल्यांचा लाडका. पण इंजिनात पिस्टन खाली-वर होत असतो, दर फेरीला दोनदा थांबून उलटा फिरत असतो. त्यामुळे कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. इंजिन १० टक्के जास्त फिरवलं तर हा ताण १० नाही, २१ टक्के वाढतो. मग रॉड हलका आणि तरी मजबूत हवा, म्हणजे टायटॅनियम आलं. व्हॉल्व्हच्या साध्या स्प्रिंगा त्या वेगाला टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी दाबाखालची हवा आली. प्रत्येक पायरीला खर्च चढतो आणि बदल्यात मिळणारा फायदा घटत जातो.

फॉर्म्युला वनने याचं टोक गाठलं होतं. २००३ च्या सुमारास बीएमडब्ल्यूचं व्ही-१० इंजिन मिनिटाला १९,००० च्या वर फेरे मारत होतं. तुमची-आमची कार ६,००० च्या पुढे गेली की कानाला कळतं काहीतरी चुकतंय. त्यावर एवढी मेहनत करायची आणि आयुष्य किती, तर एक शनिवार-रविवार! त्या काळात मोठ्या टीम एकाच वीकेंडमध्ये इंजिनं बदलायच्या. पात्रता फेरीपुरतं वेगळं इंजिन, ते काढून शर्यतीसाठी वेगळं. २००४ पासून नियम आला की एका वीकेंडला एकच इंजिन. २००५ मध्ये एक इंजिन दोन शर्यती चालवा असं सांगितलं गेलं. पुढे २०१८ पर्यंत हे आवळत आवळत वर्षाला फक्त ३ इंजिनांवर आलं.

आणि एवढे पैसे ओतून जिंकण्याची हमी? टोयोटाला विचारा. २००२ ते २००९ अशी आठ वर्षं त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये काढली. पैशांची कमी नव्हती. तरी शर्यत एकही जिंकता आली नाही.

छोट्या शर्यतीत हेच दुखणं लहान आकारात दिसतं. समजा राष्ट्रीय पातळीवर दहा जण आपापल्या गाड्या घेऊन आले. एकाने इंजिनाचं हेड चांगल्या माणसाकडून पोर्ट करून घेतलं, कॅमशाफ्ट बाहेरून मागवला. पुढच्या शर्यतीला बाकीच्यांना ते करावंच लागतं. त्याच्या पुढच्या शर्यतीला पहिला आणखी काहीतरी आणतो. शेवटी सगळे पुन्हा एका रेषेत, फक्त प्रत्येकाच्या खिशातून काही लाख गेलेले. यात गुणी पण मध्यमवर्गीय पोरगा कधी गळून पडतो ते कुणाला कळतही नाही.

पुण्यातून निघालेली पोलो कप

२००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला आणि तिथे पोलो बनू लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, कंपनीच्या मोटरस्पोर्ट विभागाने भारतात 'पोलो कप' सुरू केली. हा विभाग पुण्यातला. गाड्या इथे तयार व्हायच्या आणि शर्यती व्हायच्या चेन्नईजवळ, कोइम्बतूरला, पुढे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर.

अशा शर्यतीला 'वन-मेक' म्हणतात, म्हणजे सगळ्यांची गाडी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. पोलो कपमध्ये तर पहिल्या हंगामात सगळ्यांना १.६ लिटरचं डिझेल इंजिन होतं, १३० पीएस ताकदीचं. डिझेल गाडीची शर्यत ही कल्पनाच तेव्हा अनेकांना विनोद वाटली होती. नंतर १.४ लिटरचं १८० पीएसचं पेट्रोल टीएसआय इंजिन आलं. २०१५ मध्ये पोलोची जागा व्हेन्टोने घेतली आणि २०१७ मध्ये आमियोने. आमियो कपच्या गाडीत १.८ लिटरचं इंजिन होतं, ताकद २०५ पीएस.

यातली खरी युक्ती इंजिनापेक्षा व्यवस्थेत होती. इंग्रजीत तिला 'अराइव्ह अँड ड्राइव्ह' म्हणतात, मराठीत सांगायचं तर 'हेल्मेट घेऊन या'. ड्रायव्हरने हंगामाची फी भरायची. गाडी कंपनीची, मेकॅनिक कंपनीचे, ट्रकने गाड्या ट्रॅकवर नेणार कंपनी, इंजिन सांभाळणार कंपनी. ड्रायव्हरने यायचं, चालवायचं आणि जायचं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, त्याने हात लावायचा प्रश्नच नाही.

यातून काय साधतं? एक म्हणजे खर्च आधी कळतो. शर्यतीत माणसाला बुडवतो तो ठरलेला खर्च नव्हे, न ठरलेला. चेन्नईला शनिवारी इंजिन बसलं आणि रविवारी शर्यत आहे, तेव्हा जो खर्च होतो त्याला हिशोब नसतो. दुसरं म्हणजे ड्रायव्हर उघडा पडतो. गाडी तीच, इंजिन तेच, तरी तू दीड सेकंद मागे, तर मग दोष कुणाचा? चेन्नईचा आदित्य पटेल पोलो कपच्या पहिल्या हंगामात चालवला आणि तिथून जर्मनीच्या शिरोको आर-कपला गेला. तिकडच्या लोकांना त्याच्या वेळेचा अर्थ लावणं सोपं होतं. त्याच्या इंजिनात काय होतं हा प्रश्नच उरत नव्हता.

पुण्याचा आणखी एक धागा टाटांच्या ट्रक शर्यतीत आहे. मार्च २०१४ मध्ये बुद्ध सर्किटवर 'टी-वन प्रायमा ट्रक रेसिंग' झाली. सगळे ट्रक टाटा प्रायमा आणि सगळ्यांत इंजिन कमिन्सचं, म्हणजे ज्या कंपनीच्या भारतातल्या शाखेचं घर पुण्यात आहे तिचं. पहिल्या हंगामात चालवायला ब्रिटनचे ट्रक-रेसर बोलावले होते. नंतर आपल्याच ट्रक ड्रायव्हरांना निवडून, शिकवून ट्रॅकवर उतरवलं गेलं. रोज घाटात माल घेऊन उतरणाऱ्या माणसाला शर्यतीत बसवायचं, तर गाडी सगळ्यांना एकसारखी असणं हीच त्याची एकमेव संधी.

हे पुण्याच्याही आधी कोइम्बतूरला झालं होतं

भारतात ही कल्पना रुजवण्याचं श्रेय एका माणसाला द्यावं लागतं, ते म्हणजे कोइम्बतूरचे एस. करिवर्धन. कापड गिरण्यांच्या घराण्यातला हा माणूस गाड्यांच्या नादाने झपाटलेला होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 'फॉर्म्युला मारुती' गाडी बनवली. दिसायला फॉर्म्युला वनसारखी उघड्या चाकांची, एका सीटची. पोटात मात्र मारुती ८०० चं इंजिन.

हसू नका. यातली हुशारी बघा. मारुती ८०० चं इंजिन देशात कुठेही मिळायचं. स्पेअर पार्ट गल्लीतल्या दुकानात. मेकॅनिकला शिकवावं लागत नव्हतं, कारण तो रोज दहा उघडत होता. नारायण कार्तिकेयनची पहिली शर्यत याच फॉर्म्युला मारुतीत झाली. तोच पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन ते बघायला नव्हते, १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे, करि मोटर स्पीडवे.

पोलो कप आणि फॉर्म्युला मारुती, दोन्हीत इंजिन एकच, पण स्वस्ताईचं कारण वेगळं. करिवर्धन यांचं इंजिन स्वस्त होतं कारण ते बाजारात सगळीकडे होतं. पोलो कपचं इंजिन ड्रायव्हरला परवडत होतं कारण कंपनी भार उचलत होती. आणि कंपनी भार उचलते ती शोरूममध्ये गाडी विकायची असते म्हणून. पोलो गेली, व्हेन्टो आली, व्हेन्टो गेली, आमियो आली, हा क्रम शोरूममधल्या गरजेचा होता. आमियोचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, भारतातली पोलो २०२२ मध्ये थांबली. शोरूममधून गाडी गेली की तिच्या नावाची शर्यतही फार दिवस राहत नाही. आणि ड्रायव्हरकडे विकायला स्वतःची गाडीही उरलेली नसते.

एकसारखं म्हणजे खरंच एकसारखं?

इथे प्रत्येक वन-मेक शर्यतीत तेच कुजबुजणं असतं: "त्याचं इंजिन चांगलं निघालं."

यात थोडं तथ्य आहे. कारखान्यातून एकाच दिवशी निघालेली दोन इंजिनंही अगदी सारखी नसतात. पिस्टनच्या मापात केसाएवढा फरक, व्हॉल्व्ह बसण्यात थोडा फरक. रस्त्यावर हे कळत नाही, पण शर्यतीत सेकंदाचा दहावा भागही दिसतो. म्हणून आयोजक काही गोष्टी करतात. प्रत्येक इंजिन डायनोवर चढवून ताकद मोजतात आणि ठरलेल्या पट्ट्याबाहेरचं बाजूला काढतात. मग बोल्टांमधून तार ओवून शिशाचं सील मारतात. वीजमीटरला असतं तसंच. सील तुटलं की प्रश्नोत्तरं नाहीत, बाद. कुणाला कुठलं इंजिन मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायची पद्धतही आहे.

ईसीयूचं कुलूप याहून महत्त्वाचं. आजच्या इंजिनात पाना न लावता ताकद वाढवता येते. पेट्रोल कधी किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा हे सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. लॅपटॉप जोडून 'रिमॅप' करून देणारे पुण्यातही कमी नाहीत. म्हणूनच फॉर्म्युला वनसारख्या ठिकाणी, जिथे इंजिन प्रत्येकाचं वेगळं आहे, तिथेही २००८ पासून ईसीयू सगळ्यांना एकच दिला जातो. इंजिन आपापलं, मेंदू सरकारी!

आणखी एक वेगळी वाट आहे, नाक दाबायची. फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धेत पेट्रोल गाडीचं इंजिन ७१० सीसीपर्यंत कुठलंही घ्या, पण आत जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. भोक एवढं लहान की एका मर्यादेनंतर हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचतो आणि मग कितीही ओढा, जास्त हवा आत जात नाही. हवा नाही तर पेट्रोल जाळणार कशात? मोठं महागडं इंजिन आणून फारसा उपयोग राहत नाही. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी टीम केटीएम ३९० चं इंजिन घेतात. ते बनतं बजाजच्या चाकणच्या कारखान्यात आणि जुन्या बाजारातही सहज मिळतं.

फॉर्म्युला वनने हे का केलं नाही?

करायला निघाले होते. डिसेंबर २००८ ची गोष्ट. जगभर मंदी आलेली. होंडाने फॉर्म्युला वन सोडतोय असं जाहीर केलं. त्याच सुमारास जागतिक संघटना एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी टीमना पत्र पाठवलं: कॉसवर्थ कंपनी एक ठरावीक इंजिन बनवेल, ज्याला हवं त्याने घ्यावं, वर्षाला सुमारे ५५ लाख पौंडांत. तेव्हा मोठ्या कंपन्या इंजिनावर जो खर्च करत होत्या त्यापुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर.

एकच इंजिन सगळ्यांवर लादायची चर्चा निघाली तेव्हाच फेरारीने बाहेर पडण्याची भाषा केली होती. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. फेरारी इंजिन बनवते म्हणून फेरारी आहे. दुसऱ्याचं इंजिन लावून लाल रंग देणं म्हणजे चितळ्यांनी बाहेरून बाकरवडी आणून आपल्या पुड्यात भरण्यासारखं.

तडजोड अशी झाली की सक्ती नाही, पण स्वस्त इंजिन उपलब्ध. त्याच्या भरवशावर २०१० मध्ये तीन नव्या टीम आल्या: लोटस, व्हर्जिन आणि हिस्पानिया. तिघांकडे कॉसवर्थ. आपला करुण चंढोक २०१० मध्ये याच हिस्पानियाकडून फॉर्म्युला वनमध्ये आला. ३० ऑक्टोबर २०११ ला बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली, त्यात नारायण कार्तिकेयनच्या गाडीतही तेच इंजिन होतं. तो १७ वा आला. हिस्पानिया २०१२ अखेर बंद पडली. लोटसची पुढे कॅटरहॅम झाली आणि २०१४ नंतर संपली. व्हर्जिनची मारुशिया, मग मॅनर झाली आणि तीही २०१७ च्या सुरुवातीला बुडाली. स्वस्त इंजिन मिळालं, पण बाकीची गाडी, पवनबोगद्यातली चाचणी, शेकडो माणसांचे पगार यांचं काय? खर्च एका दारातून हाकलला की दुसऱ्या दाराशी उभा असतो.

शेवटी फॉर्म्युला वनने वेगळा मार्ग धरला. इंजिन एकसारखं करायचं नाही, पाकिटालाच कुलूप लावायचं. २०२१ पासून टीमच्या खर्चावर मर्यादा आली, २०२३ पासून इंजिन बनवणाऱ्यांवरही, वर्षाला ९.५ कोटी डॉलर. शिवाय २०२२ ते २०२५ इंजिनाचा विकास जवळपास गोठवून टाकला.

खरं तर या खेळात एकदा नियम न करताच एक इंजिन सगळ्यांचं झालं होतं. १९६७ मध्ये फोर्डने १ लाख पौंड देऊन कॉसवर्थकडून इंजिनं बनवून घेतली, त्यातलं एक होतं डीएफव्ही. पहिल्याच शर्यतीत, झांडवूर्टला, जिम क्लार्क जिंकला. फोर्डच्या लोकांना भीती वाटली की एकट्या लोटसकडे हे इंजिन राहिलं तर शर्यतीत दम राहणार नाही. म्हणून ते इतरांनाही विकायला काढलं, ७,५०० पौंडांना. मग काय, गॅरेजमध्ये गाडी बांधणारे ब्रिटिश थेट फॉर्म्युला वनमध्ये उतरायला लागले. १९८३ पर्यंत या इंजिनाने १५५ ग्रां प्री जिंकल्या. मारुती ८०० आणि डीएफव्ही यांच्यात ताकदीचं कितीही अंतर असो, बाजारात जाऊन विकत घेता येणं हा गुण दोघांचा सारखा होता.

जिथे हे खरंच चाललं

मोटरसायकलींमध्ये. २००९ पर्यंत जागतिक स्पर्धेत २५० सीसी टू-स्ट्रोकचा वर्ग होता. जिंकायचं तर कारखान्याकडून खास मोटरसायकल भाड्याने घ्यावी लागे आणि वर्षाचं भाडं दहा लाख युरोच्या घरात सांगितलं जाई. टीम कमी होत चालल्या होत्या. २०१० मध्ये तो वर्ग बंद करून 'मोटो टू' आणला. सगळ्यांना होंडाचं ६०० सीसी इंजिन, मूळ रस्त्यावरच्या सीबीआर ६०० मधलं. सांगाडा मात्र ज्याने त्याने आपला बनवावा. पहिल्याच हंगामात सुरुवातीच्या रेषेवर चाळीसच्या आसपास मोटरसायकली उभ्या राहू लागल्या.

२०१९ पासून होंडाऐवजी ट्रायम्फचं ७६५ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर झालेल्या भारत जीपीत मोटो टू जिंकला पेद्रो अकोस्ता, याच इंजिनावर. त्याच वर्षी चाकणला बजाजने ट्रायम्फच्या ४०० सीसी मोटरसायकली बनवायला घेतल्या, पण शर्यतीतलं इंजिन वेगळं, गल्लत नको.

इथेही एक गंमत झाली. इंजिन एक, सांगाडा खुला असं ठेवलं तर हळूहळू सगळे एकाच सांगाड्याकडे सरकले, जर्मनीच्या कालेक्सकडे. कारण इंजिनातून काही मिळत नसेल तर जो सांगाडा जिंकतो तोच घेणं शहाणपणाचं. नियमाने एक गोष्ट एकसारखी केली, दुसरी बाजाराने केली.

अमेरिकेच्या इंडीकारमध्ये २००६ ते २०११ होंडा हीच एकमेव इंजिन पुरवणारी कंपनी होती. कुणाशी स्पर्धा नाही, म्हणून इंजिन ताणून टोकाला न्यायची गरज नाही. २००६ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये, त्या शर्यतीच्या इतिहासात पहिल्यांदाच, एकही इंजिन बसलं नाही. टीमना हे आवडलं. प्रेक्षकांपैकी बरेच कंटाळले. २०१२ मध्ये दार उघडलं आणि होंडाबरोबर शेव्हरोले आणि लोटस आले. लोटसचं इंजिन इतकं मागे पडलं की त्या वर्षीच्या इंडी ५०० मध्ये त्यांच्या दोन्ही गाड्यांना फार हळू चालताय म्हणून काळं निशाण दाखवून बाहेर काढलं. त्यातल्या एकीत फॉर्म्युला वन गाजवलेला जाँ अलेझी होता. लोटसने वर्षभरात गाशा गुंडाळला. खुली स्पर्धा म्हणजे काय हे ज्यांनी त्यांचं इंजिन घेतलं होतं त्या टीमना चांगलंच कळलं.

मग गमावतो काय?

पहिली गोष्ट, इंजिन बनवणाऱ्याचं शिकणं थांबतं. सील मारलेल्या इंजिनातून कुणी इंजिनतज्ज्ञ तयार होत नाही. पुण्यासारख्या शहरात हा मुद्दा हलका नाही. इथे एआरएआय आहे, चाकण-पिंपरी-भोसरीचा पट्टा आहे, हजारो पोरं याच धंद्यात नोकरी शोधतात. ज्या शर्यतीत सगळं बंद डब्यात येतं, ती त्यांना ड्रायव्हर देईल, इंजिन डिझायनर नाही. फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक स्पर्धेने यावर बरा तोडगा काढला. २०१४ च्या पहिल्या हंगामात सगळ्यांची गाडी, मोटर, बॅटरी एकच. महिंद्राकडून करुण चंढोक त्यात होता. दुसऱ्या हंगामापासून मोटर आणि तिचं नियंत्रण आपापलं करायची मुभा, बॅटरी मात्र सगळ्यांना तीच. बॅटरी खुली केली असती तर पैसा पाण्यासारखा वाहिला असता. म्हणजे काय बंद ठेवायचं आणि काय खुलं, हे निवडून ठरवलं.

दुसरी गोष्ट, पुरवठादार एकच असेल तर किंमत तोच ठरवणार आणि तो गेला तर सगळेच अडकणार. बाहाचंच बघा. अमेरिकेतल्या मूळ बाहा स्पर्धेत ब्रिग्जचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन वर्षानुवर्षं होतं. टीमांची सगळी गणितं, आधीच्या बॅचने पुढच्या बॅचला दिलेल्या फाइली, गाडीचे सगळे ब्रॅकेट त्याच्या मापाचे. २०२२-२३ च्या सुमारास तिथे इंजिन बदललं आणि कोहलरचं ४२९ सीसी, १४ हॉर्सपॉवरचं आलं. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच नियमाने. टीमना मागचा सांगाडा नव्याने काढावा लागला आणि बोल्टची भोकं पुन्हा पाडावी लागली.